शाल घातली आणि टेबल काढलं

पाटकर सरांनी मला फसवलं. माझ्याशी सौदा करून त्यांनी आमच्या संघटनेचं अध्यक्षपद घेतलं आणि सौद्यातली आपली बाजू मोडली. त्यात निशाचं काम गेलं आणि पोशीरच्या बाजूच्या एका मुलीचं शिक्षण गेलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी करवंदांबद्दल किंवा ढगांबद्दल काही लिहिलं तर माझा राग निवला असं कुणी समजू नये.

पुन्हा ॲडमिशनचे दिवस आले आहेत. खोपोलीच्या शिळफाट्याला मोबाइलच्या दुकानावर माझं ऑफिस आहे, त्याच्या जिन्यात सकाळपासून चपलांचा ढीग पडतो. झेरॉक्सचं मशीन तापलं की गरम कागदाचा एक वास सुटतो, तो दिवसभर अंगाला चिकटून राहतो. जांभळं खाऊन आलेल्या पोरांची बोटं गुणपत्रिकेवर उमटतात. कुणाचा उत्पन्नाचा दाखला अडकलेला, कुणाच्या फोनवर ओटीपी येत नाही, कुणाचा बाप टेंपो रस्त्यात उभा करून आलेला आणि खालून हॉर्न वाजतायत. खिडकीतून घाट दिसतो. त्याच्या खांद्यावर ढग बसायला लागले आहेत, आणि खाली शेतांत भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबांचे काळे चौकोन पेरणीची वाट बघत पडले आहेत. या दिवसांत मला कामाची भूक लागायची. दुपारचा डबा उघडायचा राहून जायचा आणि ते लक्षातही यायचं नाही. यंदा जिन्यात हलकं पाऊल वाजलं तरी मी दचकते. वाटतं, ती मुलगी आली. तिला येता येणार नाही हे मला माहीत आहे, तरी मान वळतेच.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या विद्यार्थी मार्गदर्शकांची आमची एक संघटना आहे. त्यात क्लास चालवणारे आहेत, निवृत्त मास्तर आहेत, समुपदेशनाचा कोर्स केलेले काही जण आहेत, आणि माझ्यासारखी एखादी बाजारातून वर आलेली बाई. निकालानंतर आम्ही शाळांच्या हॉलमध्ये मेळावे भरवतो. कोणती शाखा घ्यावी, कुठे हॉस्टेल मिळेल, कोणती शिष्यवृत्ती बसते, हे मुलांना फुकट सांगतो. ज्याचं टेबल जिथे, ते वर्षानुवर्षं तिथेच. गावाकडचे लोक आमची नावं लक्षात ठेवत नाहीत, जागा ठेवतात. ‘पंख्याखालचे सर’, ‘दारातली बाई’. दारातली बाई म्हणजे मी. नेरळच्या हॉलमध्ये फळ्याखालचं टेबल निशाचं होतं. ‘फळ्याखालच्या ताईकडं जा,’ असं एक आई दुसरीला सांगायची, आणि तेवढ्यावर माणसं भाताचे बांध तुडवत, पायाला माती लावून तिथवर यायची.

निशा दहिवलीची. मानसशास्त्रात एम. ए. केलेली, बोलणं हळू, पण मुद्दा सोडायची नाही. ती ट्रान्स आहे. संघटनेत आली तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. ते तिला नको आहे, म्हणून मीही इथे लिहीत नाही. एका दुपारी लाइट गेलेली, ऑफिसात आम्ही दोघीच, पुठ्ठ्याने वारा घेत बसलेलो. ती म्हणाली, “ताई, पुढच्या मेळाव्याला मी साडी नेसून येणार.”

“कसली?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“नायलॉनची नेसशील आणि त्या हॉलमध्ये उकडून मरशील. सुती घे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि नंतर नुसतंच पाणी येत राहिलं. मी दुसरीकडे बघितलं. रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे मला अजून जमत नाही, साडी घेऊन देणं जमतं. खोपोलीच्या दुकानात गेलो. दुकानदार साडी उलगडताना तोंड दाबून हसत होता. मी म्हटलं, “शेठ, हसणं झालं असेल तर भाव सांगा. का हसण्याचेही लावणार आहात?” त्याने साडी दिली आणि वर फॉल-बिडिंगही फुकटात करून दिलं. सौदा मला येतो. माझी आई शिळफाट्याच्या बाजारात सुकी मासळी विकायची, मी तिच्या शेजारी बसून मोठी झाले. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं, हे मला तिथे कळलं. हात खरं बोलतात. पाटकर सरांचे हात मात्र मी पाहिले नाहीत. ते टेबलाखाली होते.

साडी नेसून निशा पहिल्यांदा फळ्याखाली बसली तो दिवस मला रंगांसकट आठवतो. निळी साडी, मागे काळा फळा, त्यावर कुणीतरी खडूने काढलेलं अर्धवट फूल. समोर एक म्हातारी मावशी नातीला घेऊन बसली. तिने निशाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “काय गं, तू बाई हायस का बाप्या?”

माझ्या टेबलावर फॉर्म भरणारा हात थांबला. निशा म्हणाली, “मावशी, मी बाईच हाय. आता पोरीचे मार्क दाखवा.”

मावशीने जरा विचार केला. “दाखव गं,” ती नातीला म्हणाली, “मला वाटलं, विचारून घ्यावं.”

एवढंच. नंतर तीच मावशी पिशवीतून करवंदांचा द्रोण काढून निशाच्या टेबलावर ठेवून गेली. दिवसभर ते टेबल चिकट होतं आणि मुलं त्यातली करवंदं उचलत शाखा निवडत होती.

अडचण गावकऱ्यांची नव्हतीच. अडचण आमच्यातल्या शिकलेल्यांची होती. चहाच्या वेळी एकेक जण जवळ यायचा. “आमचं काही नाही हो ताई, पण पालकांचं काय?” मी एकाला म्हटलं, “पालकांनी तोंडावर विचारलं, उत्तर मिळालं, बसले. तुम्हीच अजून उभे आहात.” तो माणूस त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. ते नुकसान मी सोसू शकते.

संध्याकाळी हॉल रिकामा व्हायला लागला की निशाच्या टेबलापाशी एखादं मूल रेंगाळायचं. आधी वाणिज्य की विज्ञान असं काहीतरी विचारायचं. मग खरं ते. वर्गातली मुलं बायल्या म्हणून मागे लागतात, कॉलेज सोडू का? मला बघायला मुलाकडचे येणार आहेत, पण मला मुलगेच नको आहेत, हे कुणाला सांगू? माझ्याकडे हे प्रश्न कधी आले नाहीत. माझा आवाज मोठा आहे. निशा पुढे वाकून म्हणायची, “या टेबलावर बोललेलं इथेच राहतं.” तिने ते वाक्य इतक्यांदा म्हटलं असेल की फळ्यावर लिहून ठेवलं असतं तरी चाललं असतं.

असे प्रश्न घेऊन येणाऱ्यांत एक मुलगी होती. पोशीरच्या बाजूची. तिचं गाव, तिचं नाव मी लिहिणार नाही, टेबलाचा नियम मी तरी पाळते. तेव्हा ती अकरावीत होती. तिची एक मैत्रीण होती, आणि ती नुसती मैत्रीण नव्हती. दोघींना पुढे एकाच शहरात शिकायचं होतं. निशाने तिला सांगितलं, बारावी नीट कर, निकाल लागला की इथेच ये, याच टेबलावर, आपण कॉलेज आणि हॉस्टेल दोन्ही बसवू. मुलगी जाताना दारात माझ्यापाशी थांबली आणि उगाचच म्हणाली, “येते हां, बाई.” तिची वेणी ओली होती. असं काहीतरी लक्षात राहतं, आणि कामाचं विसरतं.

त्यानंतर अध्यक्षांची निवड आली. खालापूरकडचे सगळे माझ्या बाजूला होते, नेरळचेही काही. मी उभी राहिले असते तर निवडून आले असते, हे पाटकर सरांनाही ठाऊक होतं. निवृत्त मुख्याध्यापक, आवाज साखरेत घोळलेला. जिना चढून माझ्या ऑफिसात आले, पंख्याखालची खुर्ची ओढून घेतली.

“बोला मंगलताई. काय केलं म्हणजे तुम्ही माघार घ्याल?”

मी म्हटलं, “निशाचं टेबल. फळ्याखाली, आहे तिथेच. कुणी हलवायचं नाही. आणि मुलाने टेबलावर सांगितलेलं त्याच्या घरी पोचवायचं नाही, हा नियम सगळ्यांना लावायचा.”

“एवढंच? मला वाटलं, उपाध्यक्षपद मागाल.”

“ते तुम्हाला राहू द्या.”

“दिलं,” ते म्हणाले. “शब्द माझा.”

लगेच दिलं. बाजारात कुणी इतक्या लगेच दिलं की आई मासळी उलटून बघायची. मी समोरच्या माणसाचं वय बघितलं, पांढरे केस बघितले, आणि मुख्याध्यापकाच्या शब्दावर विश्वास ठेवला. आमच्या घरात आम्हाला शाळा आणि मास्तर यांच्याबद्दल हे एक वेड आहे. माझ्या आजोबांच्या पिढीने गावची कामं सोडली, धम्म घेतला, पोरांना शाळेत घातलं. शिकलेला माणूस खोटं बोलणार नाही, हे आमच्याकडे पोरांना भाताबरोबर भरवतात.

आता आमच्या संघटनेतली एक रीत सांगते, कारण सगळं त्या रीतीवर उलटलं. आमच्यात शाल-श्रीफळ देतात ते जाणाऱ्याला. एखाद्या ज्येष्ठाने काम थांबवायचं ठरवलं की सीझनच्या सुरुवातीच्या सभेत त्याचा सत्कार होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल दुसऱ्याला मिळतं. हे कुठे लिहिलेलं नाही. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं सगळे पाळतात. ज्याला शाल मिळाली तो परत टेबलावर बसत नाही, बसला तर ते हपापलेपणाचं समजतात.

गेल्या सीझनची सभा कर्जतला झाली. स्टेजच्या मागे क्रेप कागदाचा सात रंगांचा पट्टा लावला होता. पंख्याच्या वाऱ्याने तो फडफडत होता. पाटकर सर बोलायला उभे राहिले. सर्वसमावेशकता, विविधता, एलजीबीटीक्यू, प्रत्येक अक्षर वेगळं करून, पाढे म्हणावेत तसं. “आपल्या संघटनेने काळाच्या पुढचं पाऊल टाकलं पाहिजे,” असं म्हणाले आणि निशाला वर बोलावलं. तिच्या खांद्यांवर शाल घातली. नारळ दिला. ‘मानद विविधता सल्लागार’ असं पद जाहीर केलं. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. जे तिच्या टेबलाजवळून जाताना अंग चोरायचे, तेही. निशाला रीत ठाऊक नव्हती, ती नवी होती. ती शाल दोन्ही हातांनी गच्च धरून रडत होती, आणि मला वाटलं, ही शाल वेगळी आहे. ही येणाऱ्याला दिलेली पहिलीच शाल आहे. मी तिचे फोटो काढले. इतके काढले की फोन गरम झाला.

दुसऱ्या दिवशी नेरळच्या हॉलमध्ये फळ्याखाली संघटनेतलेच काळे सर बसले होते.

मी विचारलं, “हे काय?”

“अहो ताई, सत्कार झाला ना त्यांचा काल,” काळे सर म्हणाले. खरंच आश्चर्य वाटून म्हणाले. “सत्कार झाल्यावर माणूस टेबलावर बसेल का? बरं दिसतं का ते?”

मी पाटकर सरांना फोन लावून बोलावून घेतलं. आले ते हसतच. “आम्ही त्यांना टेबलाच्या वर नेलंय, ताई. मोठं पद दिलंय.”

“वर म्हणजे कुठे? कौलांवर?”

“सगळ्यांदेखत आवाज चढवू नका. पालक बघतायत.”

“बघू देत. शब्द कुणी दिला होता?”

“मी शब्द मोडलेला नाही,” ते म्हणाले. “मी कुठे हलवलं त्यांना? संघटनेने सन्मान केला. तुम्हीही टाळ्या वाजवल्यात.”

त्या क्षणी माझा हात त्यांच्या गळ्यापर्यंत गेला नाही, एवढंच माझ्या संयमाचं कौतुक. एक लहान मूल पाण्याच्या पिंपाचा नळ सोडत-बंद करत होतं. त्या पाण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. निशा दारात उभी होती, निळी साडी, हातात पाण्याची बाटली. तिने आत बघितलं, काळे सरांकडे बघितलं आणि मागच्या मागे निघून गेली. मी तिच्यामागे स्टेशनपर्यंत धावले. ती म्हणत होती, “ताई, भांडू नका. भांडलात तर म्हणतील, यांच्यामुळे भांडणं होतात.”

माझ्या आजोबांना मालकाच्या ओट्यावर चहा मिळायचा तो वेगळ्या कपात. आजोबा सांगायचे, तो कप काही जण शिव्या देऊन पुढे सरकवायचे आणि काही जण फार अदबीने द्यायचे, बशीसकट, ‘घ्या, घ्या’ म्हणून. दोघांचा कप वेगळाच. अदबीने देणाऱ्यांवर आपल्याला चिडताही यायचं नाही, हे ते फार सावकाश सांगायचे. लहानपणी मला त्यात चिडण्यासारखं काय ते कळायचं नाही. नेरळहून परत येताना गाडीत बसल्या जागी मला ते कळलं, आणि दातावर दात इतके आवळले गेले की दोन दिवस जबडा दुखत होता.

पण ही माझी आणि निशाची गोष्ट असती तर मी ती गिळली असती. भांडले असते, पुढच्या निवडणुकीत उभी राहिले असते, हिशोब चुकता केला असता. आम्ही स्टेशनवर होतो तेव्हा हॉलमध्ये ती मुलगी पोचली होती. बारावीत चांगले मार्क पडले होते. बाप बाहेर पिंपळाखाली थांबला होता. ती सरळ फळ्याखाली गेली, सांगितलं होतं तशी. टेबल तेच, जागा तीच. तिने विचारलं, “निशाताई?”

काळे सर म्हणाले, “त्यांचं काम आता माझ्याकडे आहे. मला सगळं सांगितलंय त्यांनी. बोल.”

निशाने त्यांना एका शब्दानेही काही सांगितलं नव्हतं. मुलीने विश्वास ठेवला तो टेबलावर. इथे बोललेलं इथेच राहतं. तिने मैत्रिणीचं सांगितलं, एकाच हॉस्टेलचं सांगितलं. काळे सरांनी नीट ऐकून घेतलं. मग तिला बसवून ठेवलं, बाहेर गेले आणि बापाला बाजूला घेऊन म्हणाले, पोरीचं वळण वेगळं आहे, शहरात पाठवू नका, वेळेत लग्न लावून टाका. त्यांना वाटलं, त्यांनी मार्गदर्शन केलं. आजही त्यांना तसंच वाटतं.

मुलीने त्या संध्याकाळी शेजारणीच्या फोनवरून निशाला एवढं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “ताई, तुमी म्हनला होता, इथंच राहतं.” मग फोन कुणीतरी काढून घेतला.

निशा आता दहिवलीच्या खोलीत असते. मी डबा घेऊन जाते. खिडकीबाहेर उल्हास नदी, पलीकडे फार्महाउसवरची गाणी. मी बोलत राहते, कुणाला कुठे ॲडमिशन मिळाली, कोणत्या कॉलेजने काय घोळ घातला. ती ऐकते आणि मध्येच म्हणते, “मी तिला वचन दिलं होतं, ताई.” मी म्हणते, “वचन तू मोडलं नाहीस.” ती म्हणते, “तिला काय फरक पडतो, कुणी मोडलं?” मी डबा उघडून तिच्यापुढे सरकवते.

या महिन्यात मी पोशीरच्या पुढे, त्या मुलीच्या घरी गेले. अंगणात राब पेरायचं बी भिजत घातलं होतं, त्याचा आंबूस वास. आई दारात आली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही.

“ती नाय हितं. मामाकडं हाय.”

“फॉर्म भरायची तारीख जाईल हो वहिनी. मार्क चांगले आहेत तिचे. एक वर्ष गेलं, अजून काही बिघडलेलं नाही.”

“सुपारी फुटली तिची. भात झोडून झालं का लगीन.”

“तिला विचारलंत?”

बाईने माझ्याकडे बघितलं. “इचारायचं काय? तुमीच लोकांनी सांगितलं ना, लगीन लावा म्हणून? टेबलावरच्या सरांनी सांगितलं. आमी आडानी. आमी तर तिला शिकवायलाच आनली होती, दागिना मोडून फी भरनार होतो आमी.”

‘तुमीच लोकांनी.’ तिच्यासाठी मी, निशा, काळे सर, पाटकर सर, सगळे एकच. आणि ती चुकत नव्हती. बोर्ड एकच होता. मी तिला खूप समजावलं. शेवटी ती म्हणाली, “बाई, एकदा असं सांगता, एकदा तसं. तुमच्यात मोठा कोन हाय? त्यानं येऊन सांगूदे.” आणि दार लोटलं.

मी वकिलाला विचारलं. मुलीला अठरा पूर्ण आहेत, तेव्हा वयाच्या कारणावर लग्न थांबत नाही. तिने स्वतः तक्रार केली तर करता येईल, आणि तिच्याजवळ फोन नाही. मामाचं गाव मला कुणी सांगत नाही. ज्या बायका माझ्याकडून पोरांचे दाखले काढून घेतात, त्या पोशीरच्या थांब्यावर माझी नजर चुकवतात. भात पेरलं जाईल, लावणी होईल, लोंब्या भरतील, आणि दर वर्षी ज्या पिकाकडे बघून बरं वाटायचं, ते यंदा जसं वाढेल तसा माझा जीव खाली जात राहील.

पाटकर सर, यंदाच्या सभेचं बोलावणं मला मिळालं. मी येणार नाही. मला तुमची खुर्ची नको, माफीचं भाषण नको, आणि माझ्या ऑफिसात येऊन ‘ताई, झालं गेलं’ असं म्हणूही नका. त्या आईने विचारलं आहे, तुमच्यात मोठा कोण. मोठे तुम्ही. मी माघार घेतली म्हणून तुम्ही मोठे. तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं. काळे सरांना पुढे करू नका, त्यांना ती जागा तुम्ही दिलीत. माझ्याबरोबर त्या दारात चला, त्या बापाला हात जोडून सांगा की आमच्या संघटनेने तुमच्या मुलीचा विश्वास मोडला, आम्ही दिलेला सल्ला चुकीचा होता, तो द्यायचा आम्हाला हक्क नव्हता, मुलीला घरी आणा आणि शिकू द्या. तुमचं तो ऐकेल. मुख्याध्यापकाचं ऐकतात अजून तिकडे. कापणीला अवकाश आहे. कधी येताय?